मेटा कीवर्ड भरत बसू नका, आधी पानाचं टायटल बघा

नमस्कार मंडळी! परवा परळच्या एका काकूंची वेबसाईट बघत होतो, घरगुती उकडीचे मोदक आणि पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतात, हाताला चव अशी की काय सांगू, पण गुगलवर शोधलं तर साईटचा पत्ताच नाही. उघडून बघितलं तर टायटलमध्ये नुसतं 'होम'. आणि आत कोडमध्ये मेटा कीवर्डचा टॅग, त्यात मोदक, लाडू, मुंबई, बेस्ट, स्वस्त असे ढीगभर शब्द कोंबलेले, आणि साईट करून देणाऱ्याने त्याचे वेगळे पैसे घेतलेले. खरंच वाईट वाटलं मला.

कारण तो टॅग आम्ही वेब रँकिंगसाठी, म्हणजे सर्चमध्ये कोणतं पान वर आणि कोणतं खाली हे ठरवायला, वापरत नाही, असं गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. तो पान वाचणाऱ्याला दिसत नाही ना, मग लोक त्यात वाट्टेल ते भरायचे. तो टॅग सोडून द्या.

टायटल मात्र जीव लावून लिहा. सर्चमध्ये वरती जी ठळक ओळ दिसते ती बऱ्याचदा तिथूनच उचलली जाते. 'होम' काढा आणि लिहा 'घरगुती उकडीचे मोदक, परळ-दादर घरपोच'. पुरणपोळीच्या पानाला वेगळं टायटल, सगळीकडे तेच तेच चिकटवू नका.

त्याखालचं डिस्क्रिप्शन, म्हणजे सर्चमध्ये टायटलखाली दिसणारी छोटी माहिती, त्याने रँक वाढत नाही हे आधीच सांगतो, आणि कधीकधी गुगल ते सोडून पानातलाच मजकूर दाखवतं. तरी लिहा, कारण क्लिक माणूस करतो, ऑर्डर किती दिवस आधी द्यायची, डिलिव्हरी कुठपर्यंत, हे तिथेच दिसलं की तो आत येतो.

आता कीवर्ड म्हणजे काय, तर गिऱ्हाईक जे टाईप करतं ते शब्द. आपण लिहितो 'पारंपरिक मिष्टान्न', अहो असं कोण शोधतं? लोक 'मोदक ऑर्डर दादर' टाकतात, बरेच जण तर रोमन अक्षरांत. सर्च कन्सोल, म्हणजे साईटवाल्यांसाठी गुगलचंच एक साधन, फुकट आहे, साईट आपली आहे हे एकदा सिद्ध करायचं, मग त्यातल्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये लोक काय शोधून आपल्यापर्यंत आले ते दिसतं. तेच शब्द हेडिंगमध्ये, पहिल्या दोन ओळींत सहज येऊ द्या, पण वीस वेळा मोदक मोदक नको, गुगल त्याला स्पॅम धरतं.

आणि एक, आपल्याकडे सर्रास दिसतं, रेटकार्डाचा व्हॉट्सअपवरचा फोटो जसाच्या तसा चिकटवतात. भाव, पदार्थांची नावं पानावर टाईप करून लिहा हो! फोटोला ऑल्ट टेक्स्ट द्या, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी कोडमधली ओळ, 'केळीच्या पानावर उकडीचे अकरा मोदक' असं साधं. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, तेच वाचून दाखवतो, माझ्यासाठी हे रँकिंगपेक्षा मोठं आहे.

बदल केल्यावर सर्च कन्सोलमध्येच पानाची यूआरएल टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे गुगलने पान पुन्हा वाचून आपल्या यादीत घ्यावं अशी, रिक्वेस्ट करा. कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, म्हणून गणपतीच्या ऑर्डरी हव्या असतील तर टायटल आषाढातच बदला.