दोना पावलाला कड्यावरून ढकललं कुणी?

(दृश्य: दोनापावलाचा धक्का. टोप्या आणि शिंपल्यांच्या माळांची दुकानं. पलीकडे मुरगाव बंदर.)

पणजीहून मिरामार, करंजाळे करत साधारण सात किलोमीटर आलं की रस्ता पाण्याशी संपतो. समोर जुवारी, उजव्या हाताला काबोचं टोक आणि त्या टोकाच्या पलीकडे मांडवीचं मुख. या धक्क्यावर आलेल्या पाहुण्याला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते.

पोर्तुगीज अमदानीत दोना पावला नावाची एक देखणी बाई होती. गव्हर्नरचा तिच्यावर जीव जडला. त्याच्या बायकोला ते कळलं. तिने पावलाला धरून आणवलं, हातपाय बांधले, अंगावरची वस्त्रं काढून घेतली आणि कड्यावरून समुद्रात ढकलून दिलं. अंगावर राहिला तो एक मोत्यांचा हार. तेव्हापासून चांदण्या रात्री ती लाटांतून वर येते, गळ्यात तोच हार घालून.

दुसरी गोष्ट थोडी सौम्य आहे. तिच्यात गव्हर्नर नाही, गास्पार दियश नावाचा मासेमार आहे. घरच्यांनी लग्न होऊ दिलं नाही, म्हणून पावलाने स्वतःच उडी घेतली.

दोन्ही गोष्टींत बाई मरते, आणि दोन्हींत तिच्या मरणाचं कारण तिचं प्रेमप्रकरण. हे ऐकत सगळे मोठे झालेत. पण दोना पावला ही कल्पनेतली बाई नव्हे. ती गोव्यात कधी आली, कुणाची बायको झाली, कोणत्या दिवशी वारली, हे सगळं ठाऊक आहे. म्हणून ही गोष्ट तपासून पाहायला हवी.

(दृश्य: खडकावरची पांढरी शिल्पं. माणसं समोर उभी राहून फोटो काढताहेत.)

सुरुवात या पांढऱ्या शिल्पांपासून. ‘ही दोना पावला आणि तो तिचा प्रियकर’ असं इथे सर्रास सांगितलं जातं. जर्मन शिल्पकर्ती बॅरोनेस यर्सा फॉन लाइस्टनर यांनी १९६९ साली हे शिल्प घडवलं. त्याचं नाव ‘इमेज ऑफ इंडिया’. एक आकृती पूर्वेकडे पाहते, दुसरी पश्चिमेकडे. पावलाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. जागेला गोष्ट चिकटली की आसपासचं सगळं त्या गोष्टीचंच वाटू लागतं.

(दृश्य: काबोचं चॅपेल, दर्शनी भाग. मग आत, थडग्याच्या दगडावर कॅमेरा संथपणे.)

आता काबोच्या टोकावर चला. राज्यपालांच्या निवासस्थानाच्या आवारात नोसा सेन्योरा दु काबोचं, म्हणजे काबोच्या सायबिणीचं (मेरीमातेचं), चॅपेल आहे. १५ ऑगस्टला तिचं फेस्त, म्हणजे उत्सव, असतो. याच चॅपेलमध्ये दोना पावलाच्या थडग्याचा दगड आहे.

तिचं पूर्ण नाव पावला द सोतो मायोर. वडील जाफन्यात पोर्तुगीजांचे बडे अधिकारी. १६४४ मध्ये हे कुटुंब श्रीलंकेहून गोव्यात आलं. १६५६ मध्ये पावलाचं लग्न दोम आंतोनियु सोतो मायोर या श्रीमंत जमीनदाराशी झालं. या परिसरातली बरीच जमीन त्याच्या घराण्याची होती. दोन वर्षांनी, १६५८ मध्ये, डचांनी जाफना घेतलं आणि पावलाचं माहेर पोर्तुगीजांच्या हातून कायमचं गेलं. ती गोव्यातच नांदली. २१ डिसेंबर १६८२ रोजी वारली. लग्नानंतर २६ वर्षांनी.

गावात तिच्याविषयी आणखी एक आठवण आहे आणि ती भुताच्या गोष्टीपेक्षा फार वेगळी आहे. अडल्यानडल्यांना हात देणारी, गावासाठी झटणारी बाई म्हणून ती ओळखली जायची. या गावाचं जुनं नाव ओडावेल. ती गेल्यावर गावकऱ्यांनी गावाला तिचं नाव दिलं, असं सांगतात. कड्यावरून ढकललेल्या बाईचं नाव गावाला सहज मिळत नाही. उपकार केलेल्या बाईचं मिळतं.

आता हा थडग्याचा दगडच साक्षीला घेऊ. त्या काळी आत्महत्या करणाऱ्याला चर्च पवित्र भूमीत जागा देत नसे. पावला चॅपेलमध्ये आहे. म्हणजे उडीची गोष्ट इथेच संपली.

राहिला गव्हर्नर आणि त्याची बायको. गोष्टीत त्यांचा वाडा कड्यावर आहे, कारण आज राज्यपाल तिथे राहतात. पण काबोला गव्हर्नरचं निवासस्थान झालं ते १९१८ साली. पावलाच्या हयातीत गव्हर्नर, म्हणजे त्या वेळचे व्हाइसरॉय, जुन्या गोव्यात, मांडवीकाठच्या वाड्यात राहायचे. १६९५ मध्ये ते पणेळीला गेले आणि १७५९ मध्ये पणजीला, आदिलशहाच्या वाड्यात. पावलाच्या काळी काबोच्या टोकावर फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता, १५९४ साली बांधलेला. ज्या कड्यावर गव्हर्नरच्या बायकोने खून केला म्हणतात, तिथे घंटा आणि प्रार्थना चालायच्या.

आणि ती बायको तरी कुठली? लिस्बनहून येणारे व्हाइसरॉय सहसा बायकोला मागेच ठेवून यायचे. प्रवास सहा-सहा महिन्यांचा, वाटेत जहाजावर रोगराई. १७५० मध्ये मार्केश द ताव्होरा पत्नी दोना लिओनोरला सोबत घेऊन आला, तो अपवाद, आणि तोही पावलानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.

गास्पार दियशचं काय? मिरामारला त्याच नावाचा किल्ला होता. पावला गोव्यात आली त्याच्या कितीतरी आधी तो बांधलेला. त्या किनाऱ्याला लोक गास्पार दियशच म्हणत. माझ्या मते ते नाव किनाऱ्यावरूनच उचलून गोष्टीत घातलं गेलं.

म्हणजे प्रियकर किनाऱ्याच्या नावाचा, वाडा अडीचशे वर्षांनंतरचा, आणि खुनी बायको बहुधा गोव्यात नव्हतीच. हातात उरते ती एक दानशूर बाई, जिला कारण नसताना रोज समुद्रात ढकललं जातं. मला याचं वाईट वाटतं.

(दृश्य: जुन्या गोव्याचा नदीकाठ. व्हाइसरॉय कमान.)

पण मग गोव्यात घरच्या माणसाने केलेले खून झालेच नाहीत का? झाले. आणि त्यांची नोंदही आहे.

१५८३ ते १५८८ या काळात यान हुइखन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण जुन्या गोव्यात आर्चबिशपच्या पदरी काम करत होता. शहरात जे दिसलं, ऐकलं ते त्याने लिहून ठेवलं. त्यात अँटवर्पच्या फ्रान्स कोनिंगची हकिकत आहे. हा हिऱ्यांना पैलू पाडणारा कारागीर. हिंडत हिंडत गोव्याला आला, इथेच लग्न करून राहिला आणि इथेच त्याचा खून झाला. लिन्सखोतेन तो आळ बायकोवर आणि तिच्या प्रियकरावर ठेवतो.

त्याच लिखाणात धोत्रा येतो. गोव्यातल्या बायका नवऱ्याच्या खाण्यापिण्यात धोत्र्याचं बी मिसळतात, असं तो लिहितो. नवरा शुद्ध हरपून हसत बसतो, डोळे उघडे असून त्याला काही कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. थंड पाण्याने पाय धुतले की तो भानावर येतो. किती खरं, किती खलाशांच्या बढाया, ते त्या वेळचे नवरे जाणोत. पण धोत्रा आपल्याकडे कुंपणाकुंपणाला उगवतो आणि त्याचं विष खरं आहे.

याच्या उलट बाजूचं लिहितो तेव्हा मात्र तो कथा सांगत नाही, रीत सांगतो. संशय आला की नवरा बायकोला मारून टाकतो. ती व्यभिचारी होती असं सांगणारे साक्षीदार उभे केले की सुटतो. अशा किती बायका दर वर्षी मारल्या जातात याला गणतीच नाही, असं तो म्हणतो.

कायदाही नवऱ्याच्या बाजूने होता. १६०३ साली पोर्तुगालने फिलिपीन संहिता (राजा फिलिपच्या नावाची कायदेसंहिता) लागू केली. तिच्या पाचव्या खंडातलं अडतिसावं शीर्षक सांगतं की बायको परपुरुषाबरोबर सापडली तर नवऱ्याने दोघांना मारलं तरी तो गुन्हा नाही. अट एकच. नवरा सामान्य असेल आणि तो पुरुष उमराव किंवा न्यायाधीश असेल, तर त्या पुरुषाला हात लावायचा नाही. बायकोसाठी अशी कोणतीही अट नव्हती. पावलाचं लग्न झालं तेव्हा हाच कायदा चालू होता.

(दृश्य: काळा पडदा. फक्त आवाज.)

गोव्याच्या गावांत भुतांना जागा असते, काम असतं. देवचार सीमेवर राखण करतो, त्याला रोट द्यावा लागतो. गरोदरपणात वा बाळंतपणात गेलेली बाई आळवंतीण होते. लोकांनी या मेलेल्यांना निदान नाव दिलं, त्यांचं भय धरलं. नवऱ्याच्या हातून गेलेल्या, लिन्सखोतेनने मोजता येत नाहीत म्हटलेल्या बायकांसाठी मात्र गावातल्या कुठल्याच वाड्यावस्तीवर काही राखलेलं दिसत नाही.

फिलिपीन संहिता गेल्यावरही ही मुभा पुरती गेली नाही. १८८६च्या पोर्तुगीज दंडसंहितेत तिचं ३७२ वं कलम झालं. बायकोला परपुरुषाबरोबर पाहून जागीच ठार मारणाऱ्या नवऱ्याला शिक्षा काय, तर सहा महिने जिल्ह्याबाहेर राहायचं. बायकोलाही हीच सवलत होती, पण नवऱ्याने रखेल राहत्या घरात आणून ठेवली असेल तरच. हे कलम १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत इथल्या कायद्यात होतं. आज सत्तरी ओलांडलेल्या गोवेकरांचे जन्म ते लागू असतानाचे आहेत.

तुमच्या घरात, वाड्यावर अशा एखाद्या बाईविषयी कुणी आवाज खाली करून बोलत असेल, तर ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आहेत तोवर तिचं नाव, गाव आणि साल विचारून घ्या. लिहून ठेवा.