कड्यावरचं गाव आणि पिवळ्या पाट्या

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला स्वित्झर्लंडमधल्या एका गावाभोवती चालायला नेणार आहे. गावाचं नाव म्युरेन. उंची 1,638 मीटर, आणि आपल्या कळसूबाईचा माथा आहे 1,646 मीटर, म्हणजे बघा, आपला महाराष्ट्र जिथे संपतो जवळपास त्या उंचीवर तिथे लोकांची लाकडी घरं आहेत, चर्च आहे, दुकान आहे, खिडक्यांत लाल जिरेनियम फुललेत, आणि समोर दरीपलीकडे युंगफ्राउ हा डोंगर अजून अडीच हजार मीटर वर चढत गेलाय.

आपण किल्ले फिरणारी माणसं, तर किल्ल्याच्याच भाषेत सांगते. खाली दरीत लाउटरब्रुनेन, साधारण 800 मीटरवर, ते पायथ्याचं गाव. तिथून कातळकडा सरळ उठतो, आणि कडा संपला की वर जो हिरवा उतरता पट्टा आहे ती माची. म्युरेन त्या माचीवर वसलंय. आणि मागे वर शिल्टहॉर्न, 2,970 मीटर, तो बालेकिल्ला. आता आपल्याकडचे बरेच लोक काय करतात, की पायथ्याला उतरतात आणि थेट वर जातात, कोणी केबल कारने शिल्टहॉर्नला, कोणी दरीच्या दुसऱ्या बाजूच्या ट्रेनने युंगफ्राउयोख स्टेशनला, 3,454 मीटरवर, बर्फात फोटो, आणि संध्याकाळी हॉटेलवर परत. मीही पहिल्यांदा तशीच गेले होते, ग्रुपबरोबर. ती रेल्वे बघण्यासारखीच आहे, आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून बोगदा खणून 1912 साली ती वरपर्यंत नेली. पण त्या दिवशी ट्रेनच्या खिडकीतून उतारावर एक बारीक वाट दिसली आणि तिच्यावरून एक आजी आणि एक लहान मुलगी अगदी आरामात चालल्या होत्या, हातात काठी, पाठीला छोटी सॅक. तो बर्फ मी विसरले पण ती वाट काही डोक्यातून जाईना.

म्हणून चार वर्षांनी परत गेले, बाबांना घेऊन. बाबा तेव्हा 71 वर्षांचे, आयुष्यभर सह्याद्रीत फिरलेले, पण गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांनी डोंगर सोडलाच होता. मी त्यांना म्हटलं, आपण माचीवर राहू, वर जायचंच नाही.

लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रुटशआल्पला गेलात की तुम्ही कड्याच्या वर आलात, साधारण 1,486 मीटरवर. तिथून म्युरेनपर्यंत छोटी ट्रेन आहे, आणि ट्रेनच्या सोबतीने एक पायवाट पण आहे, साडेचार किलोमीटरच्या आसपास, चढ अगदी थोडा. स्प्रूसच्या झाडीतून वाट जाते, मधेच झाडी सरते आणि डाव्या हाताला आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिघं ओळीने उभे. अर्ध्या वाटेवर विंटरेग नावाची जागा आहे, तिथे बसायला, खायला मिळतं आणि कोणाला पुढे चालवत नसेल तर तिथूनच ट्रेन पकडता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याच्याइतका धीर दुसरा कशाने येत नाही. बाबा विंटरेगला थांबले, सूप प्यायले, ट्रेन आली, गेली, ते बघत राहिले आणि म्हणाले चल, चालूया.

आता त्या पिवळ्या पाट्यांबद्दल सांगायलाच हवं. तिथे प्रत्येक फाट्यावर खांबाला पिवळे बाण असतात आणि त्यांच्यावर अंतर लिहिलेलं नसतं, वेळ लिहिलेली असते. अमुक गाव, एक तास वीस मिनिटं. ही वेळ सपाटीवर ताशी सुमारे सव्वाचार किलोमीटर या हिशेबाने काढतात, चढउतार त्यात धरलेला असतो, पण थांबणं, खाणं, फोटो काढणं धरलेलं नसतं. तर पहिल्या दिवशी एका बाणावरची वेळ आणि आपल्याला लागलेली वेळ लिहून ठेवा, आम्हाला बरोबर दुप्पट लागला, मग पुढचे सगळे दिवस पाटी बघायची आणि दुप्पट करायची, एकदाही चुकलं नाही. आणि रंग लक्षात ठेवा. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट, कोणीही चालावं. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथे चांगले बूट हवेत, पाय कुठे टाकतोय ते बघायला हवं, एका बाजूला दरी असू शकते. पांढरा-निळा-पांढरा दिसला की परत फिरायचं, ती वाट हिमनदी, कातळ, दोर वापरता येणाऱ्यांची.

अशा खुणा केलेल्या वाटा त्या एवढ्याशा देशात सुमारे 65,000 किलोमीटर आहेत. हे आपोआप झालेलं नाही हो. 1930 च्या दशकात मोटारी वाढल्या, जुन्या घाटवाटांवर डांबर पडायला लागलं, चालणाऱ्याला धूळ आणि धूर खात जावं लागायचं, तेव्हा एका शाळामास्तरांनी पुढाकार घेऊन 1934 मध्ये पायवाटांची संघटना उभी केली. पुढे 1979 मध्ये लोकांनी मतदान करून पायवाटा थेट राज्यघटनेत घातल्या, आणि 1985 च्या कायद्यात असं आहे की रस्त्यामुळे किंवा बांधकामामुळे नोंदलेली वाट तुटली तर तिच्या बदल्यात दुसरी द्यायची. मला हे वाचून आपल्या घाटवाटा आठवल्या, शेकडो वर्षं मीठ, तांदूळ घेऊन बैल ज्या वाटांनी चढले त्यांतल्या किती आज रस्त्याने आणि प्लॉटिंगच्या कुंपणाने मधेच तुटल्यात, आणि तुटली की कोणी विचारायला येत नाही. खूप वाटतं की आपल्याकडे निदान खुणा तरी कराव्यात.

बरं, परत म्युरेनला. गावात आपल्यासारख्यांच्या गाड्या येतच नाहीत, रेल्वे किंवा केबल कार एवढंच. गावातून आल्मेंडह्युबेलला एक छोटी रेल्वे उतारावरून वर जाते, 1,907 मीटर, आणि तिथून खाली येणारी नॉर्थ फेस ट्रेल माझी सगळ्यात लाडकी वाट. कुरणांमधून जाते, वाटेत फलक लावलेत, समोरच्या कातळभिंतींवर कोण कधी चढलं त्याची माहिती, वाचत वाचत समोर बघायचं. अडीच तीन तासांची वाट, आमच्यासाठी पाच. जून-जुलैत गेलात तर गवतापेक्षा फुलं जास्त दिसतात, निळी जेंशियन, गुलाबी आल्पाइन रोझ. तोडू नका, बरीच संरक्षित आहेत. आणि कुठून तरी जोरात शिट्टी ऐकू आली तर माणूस शोधू नका, तो मार्मोट असतो, जाडजूड खारीसारखा प्राणी, धोका दिसला की शिट्टी मारून बाकीच्यांना सावध करतो.

या कुरणांना तिथे आल्प म्हणतात. उन्हाळ्यात गुरं वर येतात, सप्टेंबरच्या सुमाराला खाली जातात, दूध तिथेच नासवून चीज करतात. म्हणजे तुम्ही चालताय ते कोणाचं तरी शेत आहे, फाटक उघडलंत की मागे लावून घ्या. गळ्यातल्या घंटा लांबून छान वाटतात पण वासरू असलेल्या गाईपासून लांबूनच वळसा घाला, तिच्या आणि वासराच्या मधे तर कधीच जाऊ नका. वाटेत कोणी भेटलं तर ते लोक ‘ग्रुएसेख’ म्हणतात, तुम्हीही म्हणा, आपण वाटेत राम राम करतो तसंच आहे ते.

एक दिवस आमची चूक झाली तीही सांगते. सकाळी लख्ख ऊन होतं म्हणून उशिरा निघालो, आणि उन्हाळ्यात तिथे दुपारनंतर वीज-वादळ फार पटकन जमतं. तीनच्या सुमाराला शिल्टहॉर्नच्या मागून काळं आलं आणि पंधरा मिनिटांत गारा. उघड्या कुरणावर आम्ही दोघंच. एका गोठ्याच्या वळचणीला पाऊण तास उभे राहिलो, बाबांचे हात गार पडले होते आणि मला खरंच भीती वाटली. त्यानंतर रोज सातला निघायचं आणि दोनच्या आत गावात. सॅकमध्ये रेनकोट, एक लोकरीचं काहीतरी, आणि फोनमध्ये 1414 हा नंबर, ही रेगा नावाची हवाई बचाव सेवा, हेलिकॉप्टर घेऊन येतात.

आणि वाट बंद अशी पाटी असेल तर तिचं ऐकाच. डोंगर आता पूर्वीसारखे घट्ट राहिले नाहीत, आतलं गोठलेलं पाणी वितळतंय. म्युरेनच्या दक्षिणेला जी हिमशिखरांची रांग दिसते तिच्या पलीकडे लोचेनटाल नावाचं खोरं आहे, तिथे 28 मे 2025 ला बिर्च हिमनदी कोसळली आणि ब्लाटेन गाव जवळपास अख्खं गाडलं गेलं. सुमारे 300 लोकांना काही दिवस आधीच हलवलं होतं म्हणून ते वाचले. मला ही बातमी वाचून रडू आलं होतं, तशाच एका गावात मी राहून आले होते ना.

ज्यांचे पाय दणकट आहेत त्यांनी झेफिनेनफुर्गे ही खिंड करावी, 2,612 मीटर, म्युरेनहून पलीकडे ग्रिसआल्पला उतरते, पूर्ण दिवसाची दमवणारी चाल, जुलैच्या आधी जाऊ नका, बर्फ असतो. आणि पावसाचा दिवस निघाला तर खाली दरीत उतरा. लाउटरब्रुनेनहून श्टेखेलबेर्गपर्यंत सपाट वाट आहे, दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून धबधबे, 72 आहेत म्हणतात, त्यातला श्टाउबबाख जवळजवळ 300 मीटर पडतो, खाली येईपर्यंत त्याचा नुसता फवारा होतो. आपल्याकडे जुलैत माळशेजला वारा धबधबा उलटा उडवतो, तो पाहिला असेल त्याला ही दरी परकी वाटणार नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही म्युरेनहून गिमेलवाल्डला उतरलो, खालचं छोटं गाव, 1,363 मीटर, पाऊण तासाचा उतार. उतार म्हणजे गुडघ्यांचा खरा त्रास, बाबा दोन काठ्या घेऊन आडवे आडवे उतरत होते, मधेच थांबून समोरचा कडा बघत होते. गावात लाकडी हौदावर पाण्याची धार चालू होती, त्यांनी बाटली भरली, तोंडावर पाणी मारलं, बाजूच्या खांबावरचे पिवळे बाण एकेक करून वाचले आणि मला म्हणाले, हा डावीकडचा आपला राहिलाय.