हेल्मेट घातलंय, पण बांधलंय का?

नमस्कार, श्रोतेहो. चौक जवळ आला की कोपरात अडकवलेलं हेल्मेट घाईघाईने डोक्यावर चढतं आणि सिग्नल ओलांडला की परत कोपरात जातं. पट्टा मात्र या सगळ्यात लोंबकळतच असतो. पोलिसाला दाखवायला तेवढं पुरतं, कायद्याला पुरत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १२९ काय म्हणतं? हेल्मेट भारतीय मानक ब्युरोच्या मानकाचं हवं आणि पट्ट्याने डोक्याला पक्कं बांधलेलं हवं. चालवणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. सूट आहे ती पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला. नियम मोडला तर कलम १९४ ड खाली हजार रुपये दंड, शिवाय तीन महिने परवाना बंद. हजार रुपये सगळ्यांच्या लक्षात राहतात, परवान्याचं कुणी बोलत नाही.

पट्ट्यावर एवढा भर का? डोकं बऱ्याचदा एकदाच आपटत नाही. आधी समोरच्या गाडीवर, मग डांबरावर. न बांधलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यातच उडून जातं आणि दुसरा धक्का उघड्या डोक्याला बसतो.

खरं काम करतो तो आतला थर्माकोल. बाहेरचं कवच धक्का पसरवतं, थर्माकोल चेपत जातो आणि धक्का पचवतो. पण एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी बदलायचं. आरशावर टांगलं तर थर्माकोलला आतून खड्डा पडतो. पेट्रोल किंवा थिनरने पुसलं तर तो विरघळतो. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू पुष्कळ झाला.

विकत घेताना शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटिमीटर आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून घेर मोजा. आकडा ५८ आला तर ५८ मागा; नुसतं ‘मीडियम’ म्हणू नका, ते कंपनीगणिक बदलतं. नव्या हेल्मेटने गाल थोडे दाबले गेलेच पाहिजेत, गादी पुढे सैल होते. कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर मात्र ते तुमच्या डोक्याचं नव्हे. आता पट्टा लावा. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. मग मागची कड धरून हेल्मेट पुढे ढकला. डोक्यावरून निघालं, तर दुकानदाराला परत द्या.

हेल्मेटवरच्या आयएसआय चिन्हाजवळ ‘आयएस ४१५१’ हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा कंपनीचा परवाना क्रमांक असतो. हा परवाना क्रमांक मानक ब्युरोच्या म्हणजे बीआयएसच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा. खोटं स्टिकर छापायला फारसं काही लागत नाही.

लहान मुलांसाठीचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांखालचं मूल गाडीवर असेल तर त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. नऊ महिन्यांवरच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेटही हवं. मोठ्याचं हेल्मेट रुमाल कोंबून घालू नका. ते फिरतं आणि डोळ्यांवर येतं.

आणि हेल्मेटची काच. चरे पडलेल्या काचेवर रात्री समोरच्या दिव्याचा उजेड पसरतो, खड्डा दिसतच नाही. ती स्वतंत्र मिळते, बदलून घ्या. काळी काच असेल तर ती दिवसापुरतीच.