जाड गॅस्केट लावून कॉम्प्रेशन उतरवू नका

नमस्कार. गेल्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न आला आहे : टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) बसवायचा असेल, तर कॉम्प्रेशन रेशो उतरवण्यासाठी जुनेच पिस्टन ठेवून जाड हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांमधला सीलबंद थर) टाकले तर चालेल का? कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन खालच्या टोकाला असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा आणि तो वरच्या टोकाला असताना उरणारी जागा यांचे गुणोत्तर. टर्बोबरोबर तो जास्त राहिला, तर हवा-इंधनाचे मिश्रण आपोआप पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका वाढतो, म्हणून तो उतरवायचा असतो. आता थेट हिशेबाकडे येतो.

८६ मिमी बोअर (व्यास) आणि ८६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेला सिलिंडर सुमारे ५०० सीसीचा भरतो. १०:१ रेशोसाठी पिस्टन वरच्या टोकाला असताना ५५.५ सीसी जागा उरावी लागते. गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरने जाड केले, की ही जागा जवळपास ३ सीसीने वाढते आणि रेशो ९.५५च्या आसपास येतो. कागदावर काम फत्ते!

पण पिस्टनचा सपाट काठ हेडच्या सपाट भागापासून साधारण एक मिलिमीटरवर येतो, तेव्हा तिथले मिश्रण मध्याकडे जोराने ढकलले जाते, घुसळले जाते आणि ज्वाला झपाट्याने पसरते. यालाच स्क्विश म्हणतात. हे अंतर दीड मिलिमीटर झाले, तर घुसळण मंदावते, आणि काठाशी रेंगाळलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटण्याचा धोका वाढतो. म्हणजे नॉकिंग टाळण्यासाठी केलेला उपायच नॉकिंगला वाट करून देतो.

‘आमच्या इंजिनाला काहीच झाले नाही’ असे एका प्रेक्षकाने ठणकावून लिहिले आहे. माझेही पहिले इंजिन अशाच गॅस्केटवर चालत होते. फक्त भार पडला की खडखडायचे आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) इतके मागे, म्हणजे उशिरा, घ्यावे लागायचे, की मिळवलेली ताकद तिथेच संपायची. पुढे मूळ जाडीचे गॅस्केट आणि माथ्याला खळगा असलेले पिस्टन घातले, तेव्हा गेलेले टायमिंग परत मिळाले. जागा खळग्यात वाढवावी, काठावर नव्हे.

पिस्टनच्या मिश्रधातूविषयी थोडक्यात : ४०३२ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूमध्ये सिलिकॉन सुमारे १२ टक्के असल्याने तो कमी प्रसरण पावतो आणि पिस्टन घट्ट बसवता येतो. २६१८ हा दुसरा मिश्रधातू अधिक चिवट असतो, पण त्याला जास्त क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) लागतो, त्यामुळे थंड इंजिन सुरुवातीला वाजते. त्या आवाजाने घाबरून पिस्टन परत पाठवू नयेत.

आणि कृपा करून पिस्टनच्या खोक्यावर छापलेल्या रेशोवर विसंबू नका. तो आकडा विशिष्ट हेड आणि विशिष्ट गॅस्केट गृहीत धरून काढलेला असतो. हेड घासलेले असेल, तर ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने) द्रव सोडून चेंबर, म्हणजे हेडमधली ज्वलनाची जागा, स्वतः मोजावे, आणि पिस्टनवर व्हॉल्व्हसाठी कोरलेल्या खाचाही त्या हिशेबात धराव्यात.