वहीतली लाल शाई

(दृश्य: अंधारी खोली. लॅपटॉपचा उजेड. शेजारी उघडी वही, लाल पेन.)

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. माझ्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे. दोघांचेही सगळे पैसे मध्ये. पोकरमध्ये याहून चांगली वेळ क्वचितच येते, कारण इथे शंभरातल्या साधारण ८२ वेळा एक्के जिंकतात. टेबलावर दोघांच्या सामाईक पाच पानांपैकी चार उघडतात, काही बिघडत नाही. पाचवं पान येतं, चौकटचा राजा. त्याचे तीन राजे झाले, मी हरलो.

बाहेरच्या खोलीतून आई विचारते, "अरे, झोपला नाहीस अजून?"

"हा शेवटचा डाव, आई."

त्या आठवड्यात हे उत्तर तिला रोज मिळत होतं.

(दृश्य: ल्युडोचा पट. फासा घरंगळतो.)

८२ गेले की उरतात १८. फाशावर सहा पडण्याची शक्यता याहून थोडी कमीच असते. पण ल्युडोत समोरच्याला सहा पडला म्हणून कुणी फसवणुकीची तक्रार करत नाही. मी मात्र त्या रात्री साइटच्या कस्टमर केअरला लांबलचक मेल लिहिला. सुदैवाने पाठवला नाही.

ऑनलाइन खेळात वाईट काळ लवकर गाठतो, कारण वेगच तसा असतो. समोरासमोर बसून तासाला पंचवीस-तीस डाव होतात. स्क्रीनवर चार टेबलं लावली की अडीचशेच्या वर. दर शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधी लावायची ठरलेली मोठी रक्कम) कमावणारा खेळाडू घ्या, म्हणजे चांगलाच. दहा हजार डाव झाल्यावरही तो तोट्यात असण्याची शक्यता साधारण तीस टक्के असते. दहा हजार डाव म्हणजे माझ्या दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी. एवढे दिवस नीट खेळून हरायचं, आणि आपण नीट खेळतोय यावर विश्वासही ठेवायचा!

(दृश्य: रुलेटचं जुनं छायाचित्र.)

मग "आता तरी लागेल" सुरू होतं. १९१३ साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या लाल-काळ्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. आता लाल येणारच, म्हणून लोक लालवर पैसे लावत गेले आणि धुऊन निघाले. चाकाला मागचं काही आठवत नसतं. पत्त्यांनाही नसतं.

मला मात्र सगळं आठवत होतं. हरल्याच्या रागात डोकं फिरवून खेळत राहण्याला खेळाडू टिल्ट म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आलाय. यंत्र फार हलवलं की ते 'टिल्ट' दाखवून खेळ बंद पाडतं. माणसाचं उलटं. डोकं फिरलं की तो आणखी दोन टेबलं उघडतो.

(दृश्य: वहीची पानं, जवळून.)

एका जुन्या मित्राला फोन करून मी रडगाणं लावलं. तो म्हणाला, "पनवती वगैरे राहू दे. हरलेले मोठे डाव लिहून काढ. पैसे मध्ये गेले तेव्हा तुझी पानं समोरच्याच्या पुढे होती की मागे, एवढंच."

आईच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागून सुरुवात केली. सोळा डाव निघाले. सहांमध्ये मी पुढे होतो. ते नशिबाचे, ते सोडून दिले. दहांमध्ये मागे होतो. फोल्ड करायचं, म्हणजे पानं टाकून द्यायचं, सोडून कॉल केला होता, म्हणजे त्याच्या बरोबरीने पैसे लावले होते, केवळ समोरच्याचा राग आला म्हणून. आणि त्या दहांतले आठ रात्री साडेबारानंतरचे. तिथे पेन थांबलं. तोवर मी सोळाच्या सोळा नशिबाच्या खात्यात घालत होतो.

मग दहा-वीस ब्लाइंडच्या टेबलावरून पाच-दहाच्या लहान टेबलावर उतरलो. याची लाज वाटते, खोटं कशाला बोलू. दोन बाय-इन (टेबलावर बसताना घेतलेली रक्कम) गेले की लॅपटॉप बंद. बारानंतर लॉगिन नाही. मित्राने आणखी एक उपाय सांगितला होता. हात शिवशिवले की ऊठ आणि भांडी घास. आई खूश होती.

उसने पैसे काढून खेळणाऱ्याला मात्र अशी वही पुरत नाही. त्याने टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं.

(दृश्य: रिकामी स्क्रीन.)

तोटा हळूहळू भरून येत होता. तेवढ्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, पोकरसकट. खात्यात उरलेली रक्कम काढून घेतली. वहीतली शेवटची नोंद आहे, वजा साडेअकरा बाय-इन.

अधूनमधून मोबाइलवर परदेशी साइटचे मेसेज येतात. पहिल्यांदा आला तेव्हा मी वही काढून त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

"झालं का तुझं?" आईने विचारलं. "दूधवाला आलाय. वही दे."