हॉट रॉडला पुढचे स्पिंडल कुठले घ्यायचे

तर मंडळी, हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी फेरफार करून पळायला केलेली, आणि आज तिच्या फक्त स्पिंडलवर बोलणारे. इंजिनाचं कोणी विचारू नका, फोर्डच्या त्या जुन्या फ्लॅटहेड व्ही-8 इंजिनाचा विषय निघाला की मग जेवायची वेळ टळते. स्पिंडल म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर फिरतं ना तो तुकडा, किंगपिनने, म्हणजे ज्या उभ्या खिळीवर तो वळतो तिने, एक्सलच्या टोकाला अडकवलेला, आपल्याकडे ट्रकच्या गॅरेजात याला स्टब एक्सल म्हणतात.

आता जुनी फोर्ड घेतली, मॉडेल ए किंवा 1932 ची, की लोक आधी एक्सल किती खाली आणायचा ते ठरवतात, मग चाकं बघतात आणि स्पिंडल जो मिळेल तो. मी म्हणतो उलटं करा, आधी ब्रेक कुठले लावणार ते सांगा. कॅलिफोर्नियात मुरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर पोरं गाड्या पळवायची तेव्हा या गाड्यांना रॉडवाले मेकॅनिकल ब्रेक होते, फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते 1939 ला, आणि मग सगळे भंगारातून तेच काढून जुन्या गाडीला लावायला लागले. आजही पारंपरिक गाडीत तेच चालतं, नाहीतर लिंकन गाडीचे बेंडिक्स बनावटीचे ब्रेक.

फोर्डचे हे हायड्रॉलिक ब्रेक 1928 ते 36 च्या स्पिंडलवर बसतात, पण ब्रेक प्लेटचं मधलं भोक मोठं पडतं, त्यात प्लेट मधोमध धरणारी सेंटरिंग रिंग घालावी लागते, ती विसरलात तर प्लेट जरा सरकते, शू ड्रमच्या मधोमध राहत नाहीत आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. 1937 ते 41 चे गोल पाठीचे (पाठ म्हणजे ब्रेक प्लेट बसते तो भाग) स्पिंडल दिसायला सुंदर, म्हणून सगळे त्यांच्याच मागे आणि भाव चढलेले. 1942 ते 48 चे चौकोनी पाठीचे, मला विचाराल तर कामाला तितकेच चांगले. फरक कुठे, तर एक्सलच्या टोकाच्या जाडीत. 37-41 च्याला 2.25 इंच लागते, 42-48 च्याला 2.375. म्हणजे 42-48 चा स्पिंडल पातळ टोकावर शिम, म्हणजे पातळ चकती, टाकून बसतो, उलटं करायचं तर मशीनिंग आलं. जाडी मोजायला व्हर्नियर खिशात ठेवा, विकणाऱ्याच्या तोंडी वर्षावर जाऊ नका.

घेताना बघायचं काय? नवीन बेअरिंगची आतली रेस, म्हणजे आतलं कडं, सोबत न्या आणि स्पिंडलच्या दांड्यावर सरकवा, हाताने जायला हवी पण डुगडुगायला नको. बेअरिंग कधी जाम होऊन रेस दांड्यावर फिरली असेल तर तिथे निळसर झाक आणि गोल चरे दिसतात, तो पीस तिथेच ठेवा. दांडा जिथे पाठीला मिळतो त्या गोलाईत क्रॅक येतो, डोळ्याला दिसत नाही, चुंबकाने बारीक क्रॅक दाखवणारी मॅग्नेटिक टेस्ट करूनच घ्या, चाक निखळलं तर काय होतं ते सांगायला नको.

आता स्टिअरिंग आर्म, म्हणजे स्पिंडलला वळवणारा हात. 37 ते 48 च्या स्पिंडलला तो अंगचाच असतो. ड्रॉप्ड एक्सल, म्हणजे मधून खाली वाकवलेला एक्सल, लावला की गाडी खाली येते, दोन्ही आर्म जोडणारा टाय रॉड मात्र चाकाबरोबर वरच राहतो आणि एक्सलला मागून धरणाऱ्या विशबोनला घासतो, म्हणून आर्म तापवून खाली वाकवायची पद्धत आहे. आधीच कोणीतरी वाकवलेला असेल तर हातोड्याच्या खुणा बघा, वेल्डिंग दिसलं तर नकोच. तो कापून बोल्टचा आर्म लावणं मला जास्त पटतं, फक्त त्याचं तोंड मागच्या एक्सलच्या मध्याकडे राहील असं बघा, नाहीतर वळणावर टायर खरवडले जातात.

किंगपिन ज्यात फिरते त्या बुशचं काम मशीन शॉपला द्या, वरचा खालचा दोन्ही बुश एकाच लांब रीमरने (भोक मापात आणणारं हत्यार) एका ओळीत झाले पाहिजेत.

मागून कोणीतरी विचारतंय डिस्क ब्रेक चालतील का. चालतात की, 37 ते 48 च्या स्पिंडलला ब्रॅकेट मिळतात, पण चाकं जुनी 15 इंची ठेवणार असाल तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटणारा भाग, रिमच्या आत मावतो का ते ऑर्डर द्यायच्या आधी बघा.