माळवदाखालची दुपार

(अंधार. काडी ओढल्याचा आवाज. चुलीचा पहिला उजेड.)

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या हद्दीवरचं हे गाव. मे महिना, पहाटेचे साडेपाच. ऊन वर यायच्या आत आजींना भाकरी उरकायच्या आहेत.

चुलीत दोन प्रकारचं सरपण आहे. तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली धाटं, धडाडून पेटतात आणि तितक्याच लवकर संपतात. त्या तवा तापवायला. बाभळीचं लाकूड सावकाश जळतं आणि मागे आर, म्हणजे धगधगते निखारे, ठेवतं. तो आर कशासाठी, ते थोड्या वेळाने दिसेल.

(काठवट. हातांचा क्लोजअप.)

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही. म्हणून वर आधणाचं पाणी. त्याने पिठातला थोडा स्टार्च जागच्या जागी शिजतो आणि पिठाला धर येतो. मग मळणं, पुन्हा मळणं, आणि थापणं. हा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

भाकरी तव्यावर पडते ती पिठाची बाजू वर करून. लगेच ओला हात तिच्यावरून फिरतो. आता खालून तापलेलं लोखंड भाकरीला चिकटलेलं आहे आणि उष्णता थेट स्पर्शाने पिठात शिरते आहे. शाळेच्या पुस्तकात याला वहन म्हणतात. वरच्या बाजूला मात्र पाणी आहे. ते आहे तोवर ती बाजू १०० अंशांच्या पुढे जात नाही, कारण खालून येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. पाणी सुकत आलं की भाकरी उलटायची. जरा उशीर झाला तर चिरा पडतात. आजी घड्याळाकडे बघत नाहीत, भाकरीवरची चकाकी बघतात.

आता तवा खाली. भाकरी चुलीच्या तोंडाशी, आराकडे तोंड करून उभी.

इथे तिला कशाचाच स्पर्श नाही. निखारा आणि भाकरी यांच्यात चार बोटं हवा आहे. हवा उष्णता फार हळू नेते, आणि इथली हवा तर तापून वर चालली आहे, भाकरीकडे वळतसुद्धा नाही. तरी भाकरी शेकते. निखाऱ्यातून किरणांच्या रूपात निघणारी उष्णता, म्हणजे प्रारण, मधल्या हवेसाठी थांबत नाही. सूर्याचं ऊनही असंच येतं, १५ कोटी किलोमीटरवरून, वाटेत काही नसताना. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. दोन्ही पापुद्रे शिजून बंद झालेले. मग ती जागा करून घेते.

(भाकरी पूर्ण फुगेपर्यंत निवेदन नाही. आवाज फक्त चुलीचा.)

शेजारी वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, आमटी रटरटते आहे. वैलाखाली वेगळा जाळ नाही. चुलीतून निसटलेली ज्वाळा आणि तापलेली हवा आतल्या आत इकडे वळते, तेवढ्यावर पातेलं शिजतं. पातेल्यातही तोच प्रकार: तळाची आमटी तापून वर येते, वरची खाली जाते. हे अभिसरण, आणि ते डाळीच्या दाण्यांवरून उघड्या डोळ्यांनी दिसतं. उरलेली गरम हवा धूर घेऊन छतातल्या सान्यातून बाहेर पडते. सगळा धूर पडत नाही. आजींच्या डोळ्यांत आणि छातीत तो चाळीसएक वर्षं जातो आहे.

एक गंमत कॅमेऱ्यात आली नाही, कारण ती कॅमेरा धरणाऱ्याचीच झाली. तवा सरकवायला त्याने जवळचं ओलं फडकं उचललं आणि ओरडून सोडून दिलं. पाणी हवेपेक्षा वीस पटींहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. कोरड्या फडक्याच्या धाग्यांत हवा असते, ती हात वाचवते. आजी एवढंच म्हणाल्या, "कोरडं घ्यावं की बाबा."

(दुपार. वाळूत ठेवलेला माठ, बाहेरून ओलसर.)

माठातून झिरपणारं पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. १ ग्रॅम पाणी उडालं तर १०० ग्रॅम पाणी साधारण ६ अंशांनी निवतं. हा माठ रत्नागिरीला नेला तर इतका निवणार नाही. तिथली हवा आधीच ओली.

(माणसं शिडीवरून मातीच्या पाट्या वर नेताना.)

आणि हे माळवद, म्हणजे घराचं मातीचं सपाट छत. खाली लाकडाच्या तुळया, त्यांवर किलच्या, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, किलच्यांवर पाला आणि काटक्या, आणि सगळ्यात वर फूट-दीड फूट पांढरी माती. पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, पाणी शिंपडायचं, चोपायचं. मातीच्या फिक्या रंगाने थोडं ऊन वरच्या वर परत जातं. बाकीचं मातीत शिरतं आणि रेंगाळतं. फूटभर माती ओलांडायला दुपारच्या उन्हाला दहा तासांच्या आसपास लागतात, आणि पोचतं तेव्हा त्याचा जोर मोडलेला असतो. म्हणून भर दोनला आजी इथे निवांत डाळ निवडू शकतात.

समोरच्या घरावर पत्रा आहे. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ऊन चढलं की काही मिनिटांत तोही तापतो आणि चुलीतल्या आरासारखा खालच्या माणसांवर प्रारण सोडतो. त्या घरातली माणसं आत्ता कडुलिंबाखाली बसलेली दिसतात. पंखा चालू ठेवून आत बसणं म्हणजे गरम हवाच अंगावर घेणं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि ही जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेली. त्यानंतर अनेकांनी पत्रा घातला.

(संध्याकाळ. शिडीवरून बाज वर जाते.)

दुपारी वरून शिरलेली उष्णता रात्री खोलीत उतरते. त्यामुळे उन्हाळ्यात या घरात रात्री कुणी आत झोपत नाही. माळवदाची वरची माती मात्र उघड्या आभाळाकडे प्रारण सोडत निवते. आकाश स्वच्छ असेल तर आणखी लवकर.

पहाटे वर गार होतं. आजींनी गोधडी उशाशी घेतली आहे. गोधडीला स्वतःची ऊब नसते, अंगाचीच ती धरून ठेवते.

(माळवदावर चार बाजा. मागे गावाचे दिवे.)